पुराची ट्रंक

दर वर्षी जुलै महिन्यात कोयना धरणाच्या विसर्गाच्या बातम्या सुरू झाल्या, की ओळखीची तरुण मंडळी माझ्याकडे एक यादी मागतात. पाणी शिरण्याआधी काय भरून ठेवायचे, कागदपत्रे कशात गुंडाळायची, पिण्याचे पाणी किती दिवसांचे साठवायचे, अशी ती यादी आहे आणि मी ती आनंदाने देते. मात्र वर्षानुवर्षे एखाद्या संकटाची तयारी केलेल्या माणसाला ते संकट खरोखरच दाराशी येते तेव्हा काय वाटते, हे मला कोणी विचारत नाही आणि मीही आजवर कुठे लिहिलेले नाही. यादीइतकेच हेही आधी माहीत असायला हवे, असे माझे आता ठाम मत झाले आहे, म्हणून ही लांबलेली पोस्ट.

आमचे घर सांगलीच्या जुन्या वस्तीत, मारुती चौकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. २००५ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. त्या वेळी घरात कसलीही तयारी नव्हती. सासूबाईंची औषधे, मुलाची दहावीची गुणपत्रिका, सासऱ्यांनी हाताने लिहून ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या, सारे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी रेघ उमटली होती, ती मी रंगकाम करताना पुसू दिली नाही. तिच्यावर निळ्या तेलरंगाची रेघ ओढून घेतली आणि त्यानंतर घरातील प्रत्येक जड वस्तूची जागा त्या रेघेवरून ठरू लागली. धान्याच्या कोठ्या, शिलाई मशीन आणि जादा गॅस सिलिंडर यांच्यासाठी रेघेच्या दोन फूट वर सिमेंटचा कट्टा बांधून घेतला. वरच्या मजल्यावर एक पत्र्याची ट्रंक ठेवली. तिच्यात दोर, ताडपत्री, टॉर्च आणि सेल, मेणबत्त्या, बंद डब्यात काडेपेट्या, क्लोरीनच्या गोळ्या, तुरटी, गूळ, शेंगदाणे, भडंगाचे पुडे, बँडेज, एक ट्रान्झिस्टर आणि सर्व कागदपत्रांच्या प्रती असत. वटपौर्णिमेच्या आत ट्रंकेतले जुने सेल आणि खाण्याचे जिन्नस बदलायचे, हा नियम मी चौदा वर्षांत एकदाही चुकवला नाही.

पावसाळ्याची बेगमी ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोकणात तिला आगोट म्हणतात आणि ती न करणाऱ्या घराला लोक नावे ठेवतात. पण पाऊस येणार म्हणून मिरच्या, मीठ आणि सरपण भरणे हा शहाणपणा मानला जातो, तर पूर येईल म्हणून दोर आणि ताडपत्री आणून ठेवणे हे अभद्र चिंतणे ठरते. “वास्तू तथास्तु म्हणत असते, असं काही मनात आणू नये,” हे वाक्य मी या काळात किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. अमेरिकेत अशा माणसांना प्रेपर म्हणतात आणि तिथेही पुष्कळदा त्यांची थट्टाच होते. स्वीडनच्या सरकारने मात्र २०१८ मध्ये देशातील घरोघरी एक पुस्तिका पाठवून संकटकाळासाठी पाणी, अन्न, ऊब आणि बातम्या मिळवण्याचे साधन घरात असू द्या, असे नागरिकांना सांगितले. तिथे जे नागरिकाचे कर्तव्य मानले जाते, ते इथे घरातल्या एका बाईचे वेड समजले जाते. याचा परिणाम असा होतो, की तयारी करणारे माणूस हळूहळू त्याबद्दल बोलणे बंद करते, ट्रंक पलंगाखाली सरकवते आणि आपण बरोबर होतो हे एक दिवस सर्वांना कळेल, अशी वाट मनातल्या मनात पाहू लागते. ही वाट आपण पाहत आहोत, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मला तरी नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. सांगलीचा पूर भूकंपासारखा अवचित येत नाही, तो फुटाफुटाने येतो. कोयनेतून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळून खाली यायला वेळ लागतो, आणि शहराच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ वारणा मिळत असल्याने ती भरून वाहू लागली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, शहरातच पसरते. त्यामुळे त्या दिवसांत सांगलीत एकच प्रश्न चालतो, “आयर्विनला किती झालं?” चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस ही धोका पातळी. चाळिशीच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांतली माणसे सामान हलवू लागतात, आणि पंचेचाळिशी ओलांडली की आमच्यासारख्यांची झोप उडते.

पंचेचाळीस ओलांडल्याचा फोन आला, तेव्हा मला भीती वाटली नाही. मला शांत वाटले. इतके शांत मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते. हात आपोआप कामाला लागले. मुख्य बटण बंद केले, गॅसची जोडणी काढली, गाद्या वर नेल्या, पिण्याचे पाणी भरले, आणि प्रत्येक कामानंतर वहीत खूण केली. यजमान नुसते पाहत राहिले होते. चौदा वर्षे मी ज्या रात्रीच्या धास्तीत जगले, ती रात्र आली होती आणि तिचे पाठांतर मला तोंडपाठ होते. पूर कधी येईल हा प्रश्न संपला होता, आणि तो संपल्याचाच तो विसावा होता. पुढे २०२० च्या मार्चमध्ये दुकानांसमोर रांगा लागल्या, तेव्हा फोनवर बोलताना अशाच स्वभावाच्या एका मैत्रिणीने मला हळू आवाजात सांगितले, की तिला बरे वाटते आहे आणि बरे वाटल्याची लाज वाटते आहे. तिला काय म्हणायचे आहे, हे मला उलगडून विचारावे लागले नाही.

लाज मला त्याच रात्री वाटली होती. समोरच्या घरातली सून चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून आली आणि म्हणाली, “काकू, मेणबत्ती आहे का हो एखादी?” मी ट्रंक उघडली. तिने आतले सामान पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार तिच्या मुलाचा आला नाही. पहिला विचार आला तो, “आता कळलं ना,” हा. तो शब्दांत बाहेर पडला नाही, पण तो आला होता आणि त्यात मला समाधान वाटले होते. दारात भिजून उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून मला जिंकल्यासारखे वाटले, हे आज इतक्या वर्षांनीही लिहिताना जड जाते. तयारी करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला हे आधीच सांगून ठेवावे. ज्याची इतकी वर्षे थट्टा झाली आहे, त्याच्या मनात संकटाच्या पहिल्या तासाला हा विचार येणार आहे. तो आला म्हणून आपण वाईट माणूस ठरत नाही, पण त्याच्या हाती घर देऊन चालत नाही.

मध्यरात्रीपर्यंत आमच्या वरच्या मजल्यावर अकरा माणसे झाली. माझा हिशेब चार माणसांचा होता, तीन दिवसांचा. अमेरिकेतले तयारीवाले आपला साठा शेजाऱ्यांना कळू द्यावा की नाही, यावर वाद घालतात असे मी वाचले आहे. आमच्या बोळात तो वाद संभवत नाही, कारण भिंतीला भिंत लागून आहे आणि एका घरातली फोडणी चार घरांना कळते. तरीही मी खोटे बोलणार नाही. सर्व झोपल्यावर मी टॉर्चच्या उजेडात बिस्किटांचे पुडे मोजले आणि यातली काही माणसे दुसरीकडे गेली असती तर बरे झाले असते, असे माझ्या मनात आले. सकाळी त्याच माणसांतल्या एका आजोबांनी माझी मोठी चिंता सोडवली. एका बाईंचे इन्सुलिन होते आणि वीज नव्हती. आजोबांनी माठात ओल्या फडक्यात कुप्या ठेवायला लावल्या आणि दर तासाला फडके स्वतः भिजवले. माझ्या वहीत हे कुठेच नव्हते, कारण माझी सारी वही माझ्या घरातल्या चार माणसांच्या शरीरांना आणि सवयींना धरून लिहिलेली होती.

त्यानंतरची रात्र मला सर्वांत अवघड गेली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी निळ्या रेघेवर टॉर्च मारत होते. पाणी रेघेला टेकले, थोडा वेळ थांबल्यासारखे वाटले आणि मग रेघ दिसेनाशी झाली. दोन फूट वरचा कट्टा अजून कोरडा होता. पहाटे कट्ट्यावरची पहिली कोठी हलली आणि आडवी झाली. त्या पुरात आयर्विनजवळचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे २००५ पेक्षा तीन फुटांहूनही अधिक. माझी चौदा वर्षांची तयारी ही येऊन गेलेल्या पुराची तयारी होती. येणारा पूर मोठा असू शकतो, हे मला कोणी विचारले असते तर मी होय म्हटले असते, पण कट्टा बांधताना गवंड्याला मी “दोन फूट पुष्कळ झाले” असेच सांगितले होते.

त्या पहाटे मी जितकी घाबरले, तितके त्या खोलीतले दुसरे कोणी घाबरले नसावे. ज्यांनी काहीच तयारी केली नव्हती, त्यांचा धक्का पहिल्या रात्रीच बसून गेला होता. दोन दिवसांत ती माणसे सावरली होती, एकमेकांना धरून होती, मुलांना गोष्टी सांगत होती. माझा भरवसा मात्र माणसांवर नव्हता, त्या रेघेवर आणि त्या वहीवर होता, आणि तोच पाण्याखाली गेला होता. माझे हात थरथरू लागले आणि पुढे काय करायचे हे सुचेना. समोरच्या सुनेने माझ्या हातातली वही काढून घेतली, मला पाणी पाजले आणि उरलेल्या खाण्याची वाटणी तिने केली. मुलांना आधी, मग औषधे घेणाऱ्यांना, मग बाकीच्यांना, असा क्रम तिने कुणालाही न विचारता लावला.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बचावकार्य करणारी बोट उलटली आणि त्यात बायकामुलांसह अनेक माणसे बुडाली. ती बातमी ट्रान्झिस्टरवरून आमच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा वर बसलेल्यांपैकी कोणीही बोटीत चढायला तयार होईना. शेवटी आम्हाला न्यायला बोट आली, तेव्हा एका माणसामागे एकच पिशवी घेता येईल असे सांगण्यात आले. ट्रंक तिथेच राहिली. मी कागदपत्रांची पिशवी उचलली आणि इन्सुलिनचा माठ आजोबांनी मांडीवर घेतला. बोट मारुती चौकातून जात असताना पाण्याबाहेर फक्त दुकानांच्या पाट्यांच्या वरच्या कडा दिसत होत्या. मला रडू आले नाही. काहीच वाटत नव्हते. चौदा वर्षे ज्याची वाट पाहिली ते होऊन गेल्यावर जी पोकळी येते, तिच्याबद्दलही मला कोणी सावध केले नव्हते. गाळ उपसताना, पंचनाम्यासाठी थांबताना, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकताना ती कित्येक आठवडे माझ्याबरोबर होती.

कोणी म्हणेल, की मग त्या तयारीचा उपयोग काय झाला? उपयोग झाला. पहिल्या रात्री अकरा माणसांना उजेड, स्वच्छ पाणी आणि खाणे मिळाले ते त्या ट्रंकेमुळेच, आणि कागदपत्रे वाचल्याने पुढचे सहा महिने सुसह्य झाले. तयारी करू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. माझा आक्षेप घराघराने लपून, एकेकट्याने केलेल्या तयारीवर आहे. तयारी गल्लीने करावी. कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुणाला दिवस गेलेले आहेत, कुणाचे औषध थंड ठेवावे लागते, कुणाला पोहता येते, कुणाचा वरचा मजला मोठा आहे, हे मे महिन्यातच सर्वांना माहीत असावे. आणि जो माणूस आज दोर आणून ठेवतो, त्याला अभद्र म्हणू नये, म्हणजे संकटाच्या रात्री त्याला कुणाचा हिशेब चुकता करावासा वाटणार नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा पुन्हा चढली, तेव्हा आम्ही पाणी धोका पातळीला पोहोचण्याआधीच गल्लीतली सात घरे बंद करून निघालो. माझे कुटुंब विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेले. या वेळी मला ती शांतता वाटली नाही. मी दोन दिवस सतत फोन करत होते, एकेकाचे नाव वहीतून खोडत होते आणि शेवटचे नाव खोडेपर्यंत जेवण गेले नाही. मला हे वाटणे पहिल्या शांततेपेक्षा अधिक खरे वाटते.

भिंतीवर आता दोन रेघा आहेत आणि कट्टा काढून टाकला आहे, जड सामान सरळ वरच्या मजल्यावर असते. समोरच्या सुनेने स्वतःची ट्रंक केली आहे. मागच्या आठवड्यात ती क्लोरीनच्या गोळ्यांची चौकशी करायला आली, तेव्हा तिने मेणबत्ती मागितली त्या रात्री माझ्या मनात काय आले होते, ते मी तिला पहिल्यांदाच सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला कळलं होतं काकू, तुमच्या तोंडावर दिसलं होतं. पण तुम्ही लगेच पोराला आत घेतलंत.”