‘दमट हवेत चिकटतात, मातीत कुजत नाहीत’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमचे स्टार्च फिल्मचे पाऊच दमट हवेत मऊ पडून एकमेकांना चिकटले, कुंडीत पुरलेला पाऊच महिन्याने जवळजवळ तसाच निघाला, आणि त्यापेक्षा उन्हात आपोआप विरणाऱ्या प्लास्टिक पिशव्या बऱ्या, असं तुम्ही लिहिलं आहे.

आधी चिकटण्याबद्दल. स्टार्चला मुळातच पाण्याची ओढ असते. नुसत्या स्टार्चची फिल्म वाकवली की तडकते, म्हणून त्यात ग्लिसरॉल घालावं लागतं. तेही हवेतला ओलावा ओढतं. फिल्मवर पॉलिथिनचा पातळ थर चढवला तर ही तक्रार लगेच मिटेल. तसं करा, असं आम्हाला अनेकांनी सुचवलंही आहे. पण मग स्टार्च कुजून जाईल आणि प्लास्टिकचा पापुद्रा मातीत राहील. ते आम्ही करणार नाही. सूक्ष्मजीवांची विकरं (एन्झाइम) पाण्याशिवाय स्टार्च तोडू शकत नाहीत. जी फिल्म पाणी आत घेते, तीच कुजते. म्हणून हे पाऊच कोरड्या किंवा तेलकट मालासाठीच आहेत. कोरडी असताना ही फिल्म ऑक्सिजन पॉलिथिनपेक्षा कितीतरी चांगला अडवते, त्यामुळे तेलकट माल लवकर खवट होत नाही. न वापरलेले पाऊच मात्र हवाबंद डब्यातच ठेवावे लागतात.

आता कुंडी. तुमच्या फोटोतली माती भेगाळलेली, कोरडी दिसते. तिथे सूक्ष्मजीवांचं काम जवळपास थांबतं. शिवाय आमच्या लेबलवर ‘कंपोस्टमध्ये’ असं स्पष्ट लिहिलं आहे. कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या वेष्टनांसाठीच्या युरोपच्या ईएन १३४३२ मानकातली चाचणीसुद्धा ओलसर, उबदार कंपोस्टमध्येच होते: १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. उरलेले पाऊच फाडून ओल्या कचऱ्याच्या खतात मिसळा, अधूनमधून खालीवर करा.

‘उन्हात विरणाऱ्या’ पिशव्यांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. त्या बहुतेक ऑक्सो प्रकारच्या असतात: साध्या प्लास्टिकमध्ये धातूंचे क्षार घातलेले. त्या विरत नाहीत, त्यांचा बारीक चुरा होतो आणि तो वेचताही येत नाही. युरोपीय संघाने २०१९च्या कायद्याने असं प्लास्टिक विकायला बंदी घातली, ती याच कारणाने.

न उघडलेली पाकिटं परत पाठवा, पैसे देऊ. आणि तुमच्या मालात ओलावा किती असतो ते कळवा. माल ओलसर असेल, तर हे पाऊच घेऊ नका असंच मी सांगेन.