'उतार' या चित्रावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

उतारावरून सायकलनं जाणाऱ्या मुलीच्या माझ्या 'उतार' या चित्रावर तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. आधी वाईट वाटलं, मग राग आला. तुमचं म्हणणं असं: माती जांभळी दिसते, चाकांना ताराच नाहीत, चित्र पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी रंगवलंय, त्या एकट्या मुलीखेरीज वस्तीवरच्या बाकीच्या पोरी कुठंच नाहीत, आणि शेवटी "त्या काळी आपल्याकडं पोरीच्या हातात सायकल कोण देत होतं? हे चित्र साफ खोटं आहे!!!"

टीका करा, जरूर करा. पण ओळख ना पाळख, आणि चारचौघांत एखाद्या बाईला खोटारडी ठरवायची ही कुठली रीत? तेही स्वतःचं नाव न लिहिता. आपल्याकडं दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाणी विचारतात.

मातीचं तुमचं बरोबर आहे. फोटो ट्यूबलाइटखाली काढला होता, त्यात काळी रानं जांभळट आली. आता उजेडात काढलेला फोटो टाकलाय. तारांचं म्हणाल, तर पळत्या चाकाच्या तारा डोळ्याला दिसत नाहीत. व्हेलास्केझ या स्पॅनिश चित्रकारानं सतराव्या शतकात सूत कातायचं फिरतं चाक असंच रंगवलंय, आऱ्यांशिवाय.

आता "कोण देत होतं" याबद्दल.

माझ्या वडिलांनी दिली. त्यांची बावीस इंची ॲटलास होती. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून ते घाटनांदूरला जायचे. परत आले की सायकल माझी. सीट माझ्या खांद्याला लागायची, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारायची. कैचीत पायंडल पुरतं फिरत नाही, अर्धंच खालीवर होतं. सायकल एका अंगाला कलते आणि तोल सांभाळायला आपण दुसऱ्या अंगाला. चित्रातली सायकल तिरकी का आणि मुलीचं अंग तिच्या बाहेर का, याचं कारण हे आहे. ज्यानं कैची मारलीय त्याला तो कल ओळखू येतो. तुम्ही मारलीय का कधी?

रस्त्याबद्दलही ऐका. आमच्या वस्तीवरून घाटनांदूरकडं उतरणाऱ्या त्या रस्त्याची खडी १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईनं फोडलीय. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून पाच वर्षं होती, पण दुष्काळी कामं निघाली होती आणि मराठवाड्यातल्या बायका उन्हातान्हात, पोटाशी पोरं घेऊन त्या कामांवर बसल्या होत्या. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पुढं मी त्याच रस्त्यानं सायकलवर निघाले तेव्हा पारावरून कुणीतरी आईला सुनावलं, "पोरगी सायकल चालवायली, आता काय राहिलं?" आई म्हणाली, "खडी म्या फोडली, चालवू द्या तिला." शाळेत एका मास्तरांनी मला सगळ्या वर्गापुढं उभं केलं आणि विचारलं, पोरीला सायकल देतं कोण? त्यामुळं तुमचं वाक्य मला नवं नाही. एवढ्या वर्षांनी ते पुन्हा ऐकावं लागलं, आणि तेही स्वतःला मराठवाड्याचा म्हणवणाऱ्या माणसाकडून, याचा त्रास झाला.

चित्रातल्या मुलीची मोकळीक मी नंतर कल्पनेनं चिकटवली असं तुम्हाला वाटतंय. मग ती रंगवायला इतके महिने का लागले असते? नतालिया गोंचारोवा या रशियन चित्रकर्तीनं १९१३ मध्ये रंगवलेला सायकलस्वार मी समोर ठेवला होता. तिनं चाकं आणि पाय एकावर एक पुन्हा पुन्हा काढून वेग दाखवलाय. मी तसं करून पाहिलं आणि खरवडून टाकलं. तिचा माणूस शहरातल्या फरसबंदीवर जोर लावून पुढं वाकलाय. आमच्या उतारावर जोर लावावाच लागायचा नाही. पायंडल थांबवायचं आणि सायकलीला नुसतं लटकायचं. पौषातली ज्वारी माझ्या डोक्यावर गेलेली असायची, दोन्हीकडून ताटं मागं पळायची, आणि पाणी आण, चूल पेटव, भावाला घे, यातलं काहीच तिथं ऐकू यायचं नाही. मला ते रंगवायचं होतं. म्हणून ज्वारीवर पॅलेट नाईफनं आडवे फटके मारले आणि मुलीभोवती एकही ठळक रेष ठेवली नाही.

आता सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. शाळा सुटली की त्या रांगेनं जाताना दिसतात. त्यातलीच एक उचलून मी तेव्हाच्या रस्त्यावर ठेवली, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटलं होतं तर विचारायचं होतं.

बाकीच्या पोरी त्या उतारावर माझ्यासोबत नव्हत्या, म्हणून चित्रातही नाहीत. सगळ्याच मुली सायकल चालवत होत्या असं मी कुठं लिहिलंय? आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाचं काय ते तुम्हीच जाणे. चित्र विकायला काढलेलंच नाही, आईच्या खोलीत लावलंय.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र नाव लिहा, गाव लिहा, आणि खोटं म्हणायच्या आधी एकदा विचारा.