वाढत्या पायाचे बूट

लहानपणी आमच्या घरी खरेदीचा दिवस ठरवण्याचा पहिला मान चंद्राचा असे. आम्ही खाडीच्या अलीकडे, दुकाने पलीकडे आणि मध्ये एक लाँच व एक रेल्वेगाडी, असा सगळा मामला होता. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि तिच्यामागून लाँचही सरकते. रेल्वेला मात्र चंद्राशी काडीचेही देणेघेणे नसते. त्यामुळे एका खेपेस आम्ही फलाटावर दोन तास ताटकळत बसत असू, तर पुढच्या खेपेस धक्क्यावरून धापा टाकत पोहोचावे आणि गाडीचा शेवटचा डबा तेवढा दिसावा. ही दोन्ही वेळापत्रके आईला तोंडपाठ होती. तिचे स्वतःचे वेळापत्रक मात्र कोणालाच पाठ नव्हते.

कपडे भिजू नयेत म्हणून लाँचमध्ये ती मला आत, इंजिनाशेजारी बसवी. समोरची लाकडी भिंत जागची हललेली नाही असे डोळे सांगत असतात, आणि सगळे डोलते आहे अशी वर्दी कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग देत असतो. या भांडणाचा निकाल शेवटी पोटात लागतो. "बाहेर बसवा त्याला, लांब बघू दे," असे खलाशी दर खेपेस सांगे. आई मान डोलवी आणि एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवी. गाडीत मला झोप लागे, म्हणून त्या प्रवासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

खरी परीक्षा बुटांच्या दुकानात होती. दुकानदाराने पाऊल मोजून आकडा सांगितला, की "वाढतं पाऊल आहे," असे म्हणून आई त्यात दोन मिळवी. दिवसभराच्या चालण्याने पाय आधीच सुजलेले असत, म्हणजे मुळातला आकडाही फुगलेलाच! बुटात मागून तर्जनी घालून ती चाचपून पाही आणि बोट ऐसपैस फिरले की तिचा चेहरा खुले. पुढच्या पोकळीत दुकानदार कागदाचा बोळा कोंबून देई.

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. आईची खरेदी, जाणे-येणे धरून, बरोबर तेवढ्यातच आटपत असे, त्यामुळे जाताना भरती साधली की परतताना चिखल ठरलेलाच. लाँच धक्क्याला लागत नसे. फळीवरून उतरायचे आणि पिशव्या डोक्यावर घेऊन गाळातून किनारा गाठायचा. एका संध्याकाळी बुटांचे खोके पिशवीत मावेना, म्हणून बूट माझ्या पायांतच राहिले होते. तिसऱ्या पावलाला माझा पाय वर आला, बूट आला नाही. खलाशाने वल्ह्याने बराच वेळ गाळ ढवळला. हाती काहीच लागले नाही. माझ्या बोटांना चिकटून वर आला होता तो फक्त कागदाचा बोळा.

आईने दुसऱ्या पायातला बूट काढून घेतला, पदराने पुसला, पिशवीत ठेवला आणि खलाशाला विचारले, "परवा भरती किती वाजता?"