आधी शाळेने शहाणं व्हावं, मग पालकांना शिकवावं

"जास्त मस्ती केलीस तर काउन्सेलर मॅडमकडे पाठवीन!" मुंबईतल्या शाळांत हे वाक्य सर्रास कानावर पडतं. समुपदेशकाचं निम्मं काम तिथेच बाद होतं. पालकांचा विरोध असतो, अशी मुख्याध्यापकांची तक्रार. पण पालकांच्या आधी शाळेनेच समुपदेशन शिस्तीच्या खात्यात टाकलेलं असतं.

किमान 100 विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. नेमल्यावर काय होतं? मॅडमना ऑफ पिरियड लावतात, परीक्षेत सुपरव्हिजन देतात. खोली मिळते ती ऑफिसला लागून. भर तासाला शिपाई दारात नाव पुकारतो आणि अख्ख्या वर्गाच्या माना वळतात. ते मूल पुन्हा कशाला येईल?

मुलाला बोलावण्याची चिठ्ठी ऑफिसच्या इतर चिठ्ठ्यांसारखीच, घडी घालून शिक्षकांच्या हाती द्या. पी.टी.च्या तासाला बोलवू नका, मुलांना तेवढाच मोकळा वेळ मिळतो.

पहिल्या भेटीतच मुलाला स्पष्ट सांगावं: इथलं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर मला पुढे कळवावंच लागेल. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या कलम 19 नुसार अशा अत्याचाराची खबर देणं बंधनकारक आहे, त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही.

वर्गशिक्षिका विचारतातच, "काय म्हणाला तो?" त्या काळजीपोटीच विचारतात. त्यांना मुलाची गोष्ट सांगू नये, वर्गात काय करायचं तेवढं सांगावं: दोन आठवडे त्याला उभं करून वाचायला लावू नका, जागा पुढच्या बाकावर द्या.

"आमचं मूल काय वेडं आहे का?" या प्रश्नामागे पालकांची भीती असते. एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, शेरा येईल, सोसायटीत कळेल. हेच पालक लर्निंग डिसॅबिलिटीच्या सर्टिफिकेटसाठी सायन हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहतात, कारण दहावीच्या पेपरला वाढीव वेळ मिळतो. म्हणजे फायदा दिसला की लाज मागे पडते. मग जूनच्या पहिल्या पालकसभेतच सांगा: एलसीवर काहीही लिहिलं जाणार नाही, नोंदी मुलाच्या फाइलला न लावता वेगळ्या कपाटात कुलपात राहतील. संमतीपत्रही तेव्हाच घ्या. अडचण आल्यावर फोन केला की पालकांना तो आरोपच वाटतो.

डॉक्टरांची गरज असेल तर नुसतं "दाखवून घ्या" म्हणू नका. केईएम, नायर, सायन यांतलं घराजवळचं हॉस्पिटल, मानसोपचार ओपीडीचा वार आणि वेळ चिठ्ठीवर लिहून द्या. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही लिहा, आणि आठवडाभराने जाऊन आलात का ते विचारा.