10 टक्के, पण कुणाच्या पगारावर?

सध्या सॅसवाल्यांमध्ये (म्हणजे वर्गणीवर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांमध्ये) एक हिशोब जोरात फिरतोय. कस्टमर सक्सेसवर, म्हणजे कस्टमरने सॉफ्टवेअर नीट वापरावं आणि टिकावं हे बघणाऱ्या टीमवर, रेव्हेन्यूच्या 10 टक्क्यांहून जास्त खर्च करू नका, 20 लाख डॉलर एआरआरमागे (वर्षाला वर्गणीतून येणारी रक्कम) एक सीएसएम (कस्टमर सक्सेस मॅनेजर) पुरे, आणि पैशांची ओढाताण झाली तर हीच टीम आधी कापा कारण ती काही कमवत नाही. पुण्यात बसून सात वर्षं हेच काम करतोय, वाचून डोकं तापलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिले दोन नियम नुसते शेजारी ठेवून बघा ना. 20 लाख डॉलरचे 10 टक्के म्हणजे एका सीएसएममागे 2 लाख डॉलर. अमेरिकेतला पगार, इन्शुरन्स, टूल्स, मॅनेजरचा वाटा धरला तर तिकडे हे बसतं एक वेळ, पण आपल्याकडे ते दीड कोटीच्या वर जातात, एवढा पगार आमच्या फाउंडरलाही नाहीये. आता वर्षाला 10 कोटी रेव्हेन्यूची आपली एखादी कंपनी घ्या. एक नियम म्हणतो वर्षाला कोटभर घाला, दुसरा म्हणतो तुम्हाला एक अख्खा माणूससुद्धा लागत नाही. दोन्ही एकाच दमात सांगतात, आणि लोक माना डोलावतात.

बरं, 10 कोटी येतात कुठून हे कोण विचारणार? 20 कस्टमर 50-50 लाखांचे असतील तर एक कोटीत प्रत्येकामागे 5 लाख मिळतात, म्हणजे माणूस कस्टमरच्या प्लांटवर जाऊन बसू शकतो. तेच 2000 कस्टमर 50-50 हजारांचे असतील तर प्रत्येकी 5 हजार. 12 लाखांचा एक धरून आठ जण घेतले तर एकाच्या डोक्यावर 250 कस्टमर, म्हणजे एकेकाला वर्षात जेमतेम आठ तास, त्यातले दोन तर "सर स्क्रीन दिसतेय का" यातच जातात. तिथे माणसं वाढवून उपयोग नाही, व्हिडिओ, वेबिनार, अ‍ॅपमधल्या सूचना यावर खर्च करावा लागतो. रेव्हेन्यू तोच, टक्के तेच, काम पूर्ण वेगळं.

आणि 10 टक्क्यांत धरलंय काय? सपोर्ट धरला? ऑनबोर्डिंग (नव्या कस्टमरला सुरुवात करून देणं)? सीएसएमकडे रिन्यूअल (वर्गणी पुढे चालू ठेवणं) आणि अपसेलचं (त्याच कस्टमरला आणखी विकण्याचं) टार्गेट असेल तर बरेच जण तो खर्च सेल्समध्ये टाकतात, नसेल तर कॉस्ट ऑफ रेव्हेन्यूमध्ये (सेवा पुरवण्याच्या खर्चात) जातो आणि ग्रॉस मार्जिन खाली येतं. त्यामुळे एकाचे 6 टक्के आणि दुसऱ्याचे 14 टक्के म्हणजे प्रत्यक्षात तीच टीम असू शकते.

राहिला "कमवत नाही" हा मुद्दा. 2005 च्या सुमाराला सेल्सफोर्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचा महिन्याचा चर्न (सोडून जाणाऱ्या कस्टमरचं प्रमाण) 8 टक्के होता. ऐकायला किरकोळ, पण 100 कस्टमरचे वर्षाअखेर 37 सुद्धा उरत नाहीत. सेल्स कितीही आणा, खाली भोक आहे. त्यातूनच त्यांनी कस्टमर सक्सेसला हात घातला, हौस म्हणून नाही.

एक मात्र कबूल, काही टीम खरंच फुगल्या होत्या. दर महिन्याला "सहज चेक-इन करतोय" म्हणून कॉल लावणारे मीही पाहिलेत (थोडे दिवस केलेतही). त्यांना जरूर कापा, पण कोण कुठला कस्टमर सांभाळतोय ते बघून कापा.

आमच्या आधीच्या कंपनीत ते न बघता कापलं. एका सीएसएमला काढलं, पगार 9 लाख. तिच्याकडे कोल्हापूरकडची पॅथॉलॉजी लॅबची एक चेन होती, वर्षाचे 14 लाख. दोन महिन्यांत तिथले लॉगिन रोज चाळीसवरून तीन-चारवर आले, डॅशबोर्डवर लाल दिसत होतं, पण तो डॅशबोर्ड उघडणारं कुणी उरलंच नव्हतं. मार्चमध्ये रिन्यूअलसाठी सेल्सच्या पोराने मालकांना फोन लावला तर ते म्हणाले, "अहो, आमची रिसेप्शनवरची मुलगी लग्न होऊन गेली ना, तेव्हापासून सगळं परत वहीतच चाललंय."