नानांचा लोड

झोपेवरचा तो व्हिडिओ परवाच सगळ्यांना आला होता. तरी नानांनी कट्ट्यावर टेकल्या टेकल्या तो पुन्हा मोठ्या आवाजात लावला. "ऐका! झोपेत मेंदू कम्प्लीट बंद. रक्त सगळं पोटाकडे."

"तुमचं पोटाकडे जातं ते जागेपणीच," पद्या म्हणाला. पद्या विजेच्या सबस्टेशनला नाइट करतो, त्यामुळे झोपेवर बोलायचा पहिला हक्क त्याचा, असं माझं मत. "नाना, रात्री दोनला गावाचा लोड, म्हणजे विजेची मागणी, उतरतो. म्हणून आम्ही फीडर, म्हणजे गावाची लाइनच, पाडून घरी जातो का?"

मास्तर नर्सिंगच्या पोरींना शरीरशास्त्र शिकवतात. "मेंदू वजनात २ टक्के, पण नुसतं बसून असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला २० टक्के वाटा त्याचा. गाढ झोपेत ऑक्सिजनचा खप पाव हिश्शाने उतरतो, बास. आणि १९५५ साली अमेरिकेत झोपलेल्यांचं मोजलं, तर खप उतरलेलाच दिसेना! मेंदूकडे जाणारं रक्त उलट किंचित वाढलेलं. पुढे गाढ झोप आणि स्वप्नाची झोप वेगवेगळी मोजली, तेव्हा उतार सापडला."

"आणि स्वप्नात?"

"जवळजवळ जागेपणाइतकाच."

"म्हणजे आमच्यासारखंच, पहाटे लोड परत चढतो," पद्या. "तेव्हाच नाना गणपतीचा हिशोब देत असतील. स्वप्नात तरी."

झालं. चारशे रुपये, मांडववाला, हरवलेली पावती, सगळं पुन्हा निघालं. नाना कळवळले, "अरे, विषय मेंदूचा आहे! रात्री तो धुतला जातो, आतला कचरा निघतो, हे तरी खरं ना?"

"२०१३ला उंदरांत तसं दिसलं. २०२४ला लंडनवाल्यांना उंदरांतच उलटं दिसलं. भांडण चालू आहे," मास्तर म्हणाले. "माणसात २०१९ला दिसलं ते एवढंच, की गाढ झोपेत रक्त जरा ओसरलं की मेंदूभोवतालचं पाणी लाटेसारखं आत येतं."

"मग मी दुपारीही दोन तास धुऊन घेतो, ते योग्यच."

"गणपतीपुळ्याला तुम्ही रात्रभर धुतलंत आणि घोरण्याने आम्ही पाच जण जागे. तुमचा लोड उतरला, आमच्यावर चढला," पद्या म्हणाला.

तेवढ्यात बबन चहाचे पैसे मागायला आला. नानांनी मान मागे टेकून डोळे मिटले.

बबनने वाकून बघितलं. "पद्यादादा, फीडर गेला वाटतं यांचा."