१७६१ च्या प्रश्नमंजूषेतलं चौथं उत्तर चुकीचं आहे

ग्वाल्हेरच्या, विशेषतः तिथल्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर '१७६१: किती गुण पडतात बघा' ही प्रश्नमंजूषा फिरतेय. त्यात 'पानिपतच्या रणात पडलेले शिंदे कोण?' याचं उत्तर दत्ताजी असं दिलंय. साफ चूक! दत्ताजी पडले ते १० जानेवारी १७६० रोजी, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर. 'बचेंगे तो और भी लडेंगे' ही आख्यायिकाही तिथलीच. पानिपतची लढाई झाली वर्षभरानंतर, १४ जानेवारी १७६१ ला. तिच्यात पकडले जाऊन मारले गेले ते जनकोजी. महादजी मात्र वाचले. पाय कायमचा अधू झाला आणि राणेखान भिश्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं, असं सांगतात. ग्वाल्हेरकरांनी निदान शिंद्यांचा प्रश्न तरी चुकवू नये! बाकी उत्तरं ठीक आहेत. नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्येच वारले, हेही बरोबर.